पोट का सुटतं?

आमच्या कमरेच्या पट्ट्याला सहा भोकं होती. आम्ही नोकरीला लागलो तेव्हा पट्टा दुसऱ्या भोकावर बसायचा. शाळा दोन कोस लांब. जाऊन-येऊन चार कोसांची चाल रोज व्हायची. पुढे सायकल घेतली. मग मोटारसायकल आली. मुख्याध्यापक झालो आणि बसायला खुर्ची मिळाली. पट्टा पाचव्या भोकावर गेला. सेवानिवृत्त होऊन दोन वर्षं झाली आणि सहावं भोकही पुरेना. बाजारच्या दिवशी चपला-पट्टे दुरुस्त करणाऱ्या दादांकडे गेलो. ते म्हणाले, "गुरुजी, सातवं भोक पाडून देतो. आठवं मात्र जमायचं नाही. पट्टा संपला!"

ते हसले. आम्हीही हसलो. पण पुढच्याच महिन्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासलं, तर साखर निघाली. मग काही हसू आलं नाही. त्यानंतर या विषयावर जे मिळेल ते वाचलं. डॉक्टरांना विचारलं. जे समजलं ते इथं सांगतो.

पूर्वी अंग भरलेलं असणं हे भाग्याचं लक्षण होतं. 'खात्यापित्या घरचा दिसतो' असं आपण कौतुकानं म्हणायचो. त्यात नवल नाही. १९७२ चा दुष्काळ आम्ही लहानपणी पाहिला. सुकडीसाठी रांगेत उभे राहिलो. जिथं पोरांच्या बरगड्या मोजता यायच्या, तिथं एखादं गुबगुबीत मूल पाहून कुणाला बरं वाटणार नाही? आजही नातू जरा सडपातळ दिसला की आजीचा जीव खालीवर होतो.

पण काळ पालटला. जागतिक आरोग्य संघटनेनं सगळ्या जगाचा हिशेब मांडला आहे. २०२२ साली जगात शंभर कोटींहून जास्त माणसं लठ्ठ होती. म्हणजे दर आठ माणसांत एक. १९९० पासून मोठ्या माणसांत हे प्रमाण दुपटीहून वाढलं. शाळकरी वयाच्या मुलांत ते चौपट झालं. २०२५ साली युनिसेफनं सांगितलं की, या वयाच्या मुलांत लठ्ठ मुलं आता कमी वजनाच्या मुलांपेक्षा जास्त आहेत. जगात असं प्रथमच घडलं. आपल्या भागातल्या देशांत अजून तसं झालेलं नाही. पण वारं त्याच दिशेनं आहे.

कुणी म्हणेल, हे शहरातल्या श्रीमंतांचं दुखणं. आम्हीही तसंच म्हणायचो. आपल्या देशात २०१९ ते २०२१ या काळात सरकारनं घरोघर पाहणी केली. पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभर बायकांत २४ जणींचं वजन जास्त निघालं. २००५-०६ साली हाच आकडा १३ च्या आसपास होता. आणि याच नव्या पाहणीत शंभरांत १९ जणी हडकुळ्या निघाल्या. एकाच गावात, कधी कधी एकाच घरात, एकीला पुरेसं मिळत नाही आणि दुसरीचं अंग सुटतंय.

हे असं का झालं? त्यासाठी एका लहानशा बेटाची गोष्ट ऐका.

प्रशांत महासागरात नाउरू नावाचं बेट आहे. तो स्वतंत्र देश आहे, पण आकार केवढा? अवघे २१ चौरस किलोमीटर. वस्ती बारा हजारांच्या आसपास. आपल्याकडचं बाजाराचं मोठं गाव म्हणा ना! तिथले लोक समुद्रात मासे धरत. नारळ खात. केवड्याच्या जातीच्या एका झाडाची फळं खात. बेटाच्या आत एक तळं आहे. समुद्रातून माशांची पिल्लं धरून आणायची आणि त्या तळ्यात वाढवायची, अशी त्यांची रीत होती. पावसाचा भरवसा नव्हता. खायला मिळवायचं तर अंग मोडावं लागे.

या बेटावर फॉस्फेटचा दगड सापडला. आपण शेतात सुपर फॉस्फेट टाकतो, त्याचा हा कच्चा माल. १९०७ च्या सुमाराला परदेशी कंपनीनं तो खणून न्यायला सुरुवात केली. जहाजं भरभरून दगड ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडला जाऊ लागला. तिकडची शेतं पिकली. मध्ये दुसरं महायुद्ध आलं. जपाननं बेट घेतलं आणि बाराशे लोकांना दूर ट्रुक नावाच्या बेटांवर नेऊन ठेवलं. तिथं त्यांचे फार हाल झाले. उपासमार झाली. १९४६ साली घरी परतले ते ७३७ जण.

१९६८ साली नाउरू स्वतंत्र झालं. लवकरच खाणी त्यांच्या हाती आल्या. पैशाचा पूर आला. डोई उत्पन्नात हा चिमुकला देश जगातल्या पहिल्या काही देशांत जाऊन बसला. घरोघर मोटारी आल्या. बेटाभोवतीचा रस्ता सगळा मिळून वीस किलोमीटरसुद्धा भरत नाही, तरी मोटारी आल्या! खाणीनं बेटाची मधली जमीन मात्र खाऊन टाकली. उरले नुसते दगडांचे सुळके. तिथं काही पिकेना. मग सगळं अन्न जहाजातून येऊ लागलं. पांढरा तांदूळ, मैदा, साखर, डबाबंद चरबीचं मांस, गोड सोडा, बीअर. मासे धरायला कोण जातो? डबा फोडला की जेवण तयार.

१९७५-७६ साली डॉक्टरांनी तिथल्या लोकांची तपासणी केली. मोठ्या माणसांत जवळजवळ तिघांत एकाला मधुमेह निघाला. पुढे सन २००० च्या सुमाराला खाणी संपत आल्या. पैसाही गेला. श्रीमंती गेली, लठ्ठपणा मात्र राहिला. आजही तिथं दहा मोठ्या माणसांत सहाहून जास्त लठ्ठ आहेत. कारण ताजी भाजी, फळं बाहेरून येतात आणि महाग पडतात. डबा, तांदूळ आणि साखर स्वस्त. गरीब माणूस लठ्ठ कसा होतो, असं पुष्कळ जण विचारतात. तो असा होतो. स्वस्तात पोट भरणारं अन्न बहुधा साखरेचं, तेलाचं आणि मैद्याचं असतं.

आता सांगा, नाउरूचे लोक काय आळशी होते? खादाड होते? ज्यांच्या घरची माणसं उपासमारीनं मेली, त्यांनी पुढे पोटभर खाल्लं तर त्यांना नावं कोण ठेवणार? माणसं तीच होती. अन्न बदललं, काम बदललं, जमीन गेली.

हे आम्ही मुद्दाम सांगतो. आमच्या वर्गात एक जाडसर मुलगा होता. आम्ही त्याला सर्वांदेखत 'ढोल्या' म्हणायचो. मुलं हसायची. तोही हसायचा. पुढे तो खेळाच्या तासाला येईनासा झाला. ते आमचं चुकलं. चिडवून कुणाचं वजन उतरत नाही. उलट ते मूल घराबाहेर पडत नाही आणि आणखी सुटतं.

आता आपल्या गावाकडे या. इथं खाण नाही, जहाज नाही. पण अन्न बदललं आणि कामही बदललं, हे आपण डोळ्यांनी पाहतो. आधी कामाचं पाहू.

लंडन शहरात दुमजली बसगाड्या असत. ड्रायव्हर दिवसभर बसून. कंडक्टर तिकिटं द्यायला सारखा जिना चढे-उतरे. रोजच्या पाच-सातशे पायऱ्या व्हायच्या. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी दोघांची प्रकृती ताडून पाहिली. १९५३ साली त्यांनी जाहीर केलं की, कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो. मग त्यांनी आणखी एक गंमत केली. कंपनी सर्वांना गणवेश देई. त्या विजारींची मापं मागवली. प्रत्येक वयात ड्रायव्हरची विजार कमरेला रुंद! गाडी तीच, रस्ता तोच, फक्त एक बसलेला आणि एक उभा.

आपल्याकडे मोटेच्या जागी पंप आला. बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला. दळण गिरणीत गेलं. पाणी नळाला आलं. हे फार चांगलं झालं. जातं परत आणा असं आम्ही कधी म्हणणार नाही. ज्या माउलींनी पहाटे उठून ते ओढलं, त्यांना विचारा! पण अंगाचं काम निम्म्यावर आलं आणि ताट तेवढंच राहिलं. काही घरांत ते वाढलं. हा हिशेब कुठं तरी दिसणारच. तो कमरेला दिसतो.

आता खाण्याचं. चहापासून सुरुवात करू. चहाचा एक चमचा साखर म्हणजे ५ ग्रॅम. कपात दोन चमचे, म्हणजे १० ग्रॅम. दिवसाला पाच कप झाले तर ५० ग्रॅम. महिन्याला दीड किलो. वर्षाला अठरा किलो! एक माणूस, नुसता चहा. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरची साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत असावी. २५ च्या आत असली तर उत्तम. म्हणजे आपल्या चहातच सगळा कोटा संपला. दिवाळीचा लाडू अजून डब्यातच आहे. गूळ घातला तर चालतो, असं काही जण सांगतात. वजनाच्या हिशेबात गूळ आणि साखर सख्खी भावंडं. आम्ही स्वतः उसाच्या पट्ट्यातले. साखरेविरुद्ध लिहिताना हात जड होतो. पण आकडे खोटं बोलत नाहीत.

शीतपेयाची ३०० मिलीलिटरची बाटली घ्या. तिच्यात सहा-सात चमचे साखर असते. पाण्याच्या पेल्यात सात चमचे साखर घालून कुणी प्यायला दिलं, तर तोंड वेडंवाकडं होईल. गार केलं, बुडबुडे घातले, की घटाघटा जातं.

आणि हे पुडे! शाळेच्या दारात माळा लटकतात ना, ते कुरकुरीत पुडे. त्यांचं काय होतं ते अमेरिकेत २०१९ साली पाहिलं. सरकारी दवाखान्यात २० माणसं महिनाभर ठेवली. दोन आठवडे त्यांना कारखान्यातलं तयार अन्न दिलं. दोन आठवडे साध्या जिनसांपासून रांधलेलं अन्न दिलं. दोन्हीत वाढलेली साखर, तेल, मीठ सारखंच होतं. 'हवं तेवढं खा' म्हणून सांगितलं. तयार अन्नाच्या वेळी माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊ लागली. कॅलरी हे अन्नातली शक्ती मोजायचं माप. ज्वारीच्या दोन जाडजूड भाकरींत इतकी शक्ती असते. दोन आठवड्यांत त्यांचं वजन एक किलोच्या आसपास वाढलं. साध्या अन्नानं तेवढंच उतरलं. असं का? तयार अन्न मऊ असतं, भराभर जातं. पोट 'पुरे' म्हणायच्या आत पुडा संपलेला असतो. भाकरी चावावी लागते.

आपल्या लोकांची आणखी एक अडचण आहे. ती पुण्याजवळच्या खेड्यांत उघडकीला आली. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून सहा गावांतल्या गरोदर बायकांची आणि त्यांच्या बाळांची पाहणी सुरू केली. तिथं जन्मलेलं बाळ सरासरी २.७ किलोचं. इंग्लंडमधलं ३.५ किलोचं. आपलं बाळ लहान, हाडकुळं. पण मांस कमी असूनही कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ तेवढीच! बाहेरून बारीक, आतून चरबी. याज्ञिकांनी स्वतःचंही माप काढलं. ते आणि एक इंग्रज डॉक्टर, दोघांचंही उंचीच्या मानानं वजन अगदी सारखं. इंग्रजाच्या अंगात चरबी १०० त ९, याज्ञिकांच्या अंगात २१. २००४ साली त्यांनी दोघांचा फोटोच छापला. म्हणून आपल्याला थोडं पोट सुटलं तरी मधुमेह लवकर गाठतो. गोऱ्या माणसाचं माप आपल्याला चालत नाही.

याचं मूळ आईच्या पोटात आहे. आई उपाशी, तर बाळ असं जन्मतं. तेव्हा घरात सगळ्यांचं जेवण झाल्यावर सून उरलंसुरलं खाते, ही रीत मोडायला हवी. लठ्ठपणाच्या गोष्टीत सुनेच्या ताटाचं काय काम, असं वाटेल. पण पुढच्या पिढीचा मधुमेह त्या ताटातच ठरतो.

तुमचं वजन जास्त आहे का, हे कळायला काटा लागत नाही. सुतळी घ्या. डोक्यापासून टाचेपर्यंत आपल्या उंचीइतकी कापा. मधोमध दुमडा. ती दुमडलेली सुतळी बेंबीवरून कमरेभोवती फिरवा. पोट आत ओढू नका, इथं कुणी फोटो काढत नाही. दोन टोकं भेटली तर ठीक. नाही भेटली तर पोटावर चरबी जास्त आहे. टेप असेल तर पुरुषानं ९० सेंटिमीटर आणि बाईनं ८० सेंटिमीटर ही हद्द समजावी. त्यापुढे मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांचा धोका वाढतो. गुडघे कुरकुरतात ते वेगळंच.

मग करायचं काय? आम्ही आधी काय केलं ते सांगतो. रोज सकाळी तासभर चाललो आणि घरी येऊन 'आज चाललो' म्हणून कांदाभजी खाल्ली. वजन जागचं हललं नाही. चालणं सोडू नका. साखर, रक्तदाब, हृदय यांना चालण्याचा फार उपयोग होतो. पण पोट उतरवायचं तर ताटाकडे पाहावं लागतं. आम्ही चहा दोन कपांवर आणला. साखर अर्धा चमचा. पहिले पंधरा दिवस चहा काढ्यासारखा लागला, आता गोड चहा तोंडात घालवत नाही. तेलाची किटली लपवून ठेवली, असं घरातली मंडळी म्हणतात. ते खरं नाही. आम्ही फक्त मोजलं. माणशी दिवसाला २५ ते ३० ग्रॅम तेल पुरतं. पाच माणसांच्या घराला महिन्याला चार किलो. आमच्या घरात सात जात होतं. डाळ, उसळ, पालेभाजी, ताक आणि ज्वारी-बाजरीची भाकरी हे आपलं जुनं जेवण चांगलंच आहे. फक्त भाताचा डोंगर लहान करा आणि भाजी वाढवा. उपवासाचंही जपून. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' हे काही उगीच म्हणत नाहीत. तुपातली साबुदाण्याची खिचडी खाऊन उपास घडत नाही.

आठ दिवसांत पोट उतरवणाऱ्या भुकटीच्या जाहिराती येतात. पैसे वाया जातात, कधी यकृतही जातं. खरी गुणकारी इंजेक्शनं निघाली आहेत. २०२५ साली ती आपल्या देशात आली. पण ती महाग आहेत, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात, आणि बंद केली की वजन बहुधा परत येतं.

पण सगळं ओझं एकेका माणसावर टाकून भागणार नाही. घराबाहेर पावलोपावली पुडे टांगायचे आणि मग माणसाला म्हणायचं, 'मन आवर!' हा कुठला न्याय? मेक्सिको देशात लोक जगात सर्वांत जास्त शीतपेयं पिणाऱ्यांपैकी. त्यांच्या सरकारनं २०१४ साली गोड पेयांवर लिटरमागे एक पेसो कर बसवला. पेसो हे तिथलं नाणं. पहिल्याच वर्षी खप शंभरात सहाच्या आसपास घटला. गरीब घरांत तो सर्वांत जास्त घटला. २०२० साली पुड्यांवर काळे अष्टकोनी शिक्के मारायला लावले. 'साखर जास्त', 'मीठ जास्त' असं ठळक लिहिलेलं. नुकतं वाचायला शिकलेल्यालाही कळावं असं. मार्च २०२५ पासून शाळांत असल्या खाण्याची विक्रीच बंद केली. लठ्ठपणा गेला का? अजून नाही. चाळीस वर्षांत चढलेलं दहा वर्षांत उतरत नाही.

आपल्याकडेही २०२० साली अन्न सुरक्षेच्या केंद्रीय प्राधिकरणानं नियम केला. शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत, फार साखर, मीठ, तेल असलेले पदार्थ मुलांना विकायचे नाहीत. किती गावांना हे ठाऊक आहे? आम्ही मुख्याध्यापक असताना फाटकासमोर दुकान होतं. आम्ही कधी काही बोललो नाही. उलट स्वातंत्र्यदिनाला त्याच दुकानातून बिस्किटांचे पुडे आणून वाटायचो.

गेल्या वर्षी शाळा व्यवस्थापन समितीत आम्ही हा नियम वाचून दाखवला. दुकानवाली बाई विधवा आहे. ती समितीपुढे येऊन म्हणाली, "गुरुजी, तुम्हाला पेन्शन आहे. माझी दोन पोरं या माळांवर जगतात." सगळे गप्प झाले. आम्हालाही उत्तर सुचलं नाही. शेवटी समितीतल्या बायकांनीच मार्ग काढला. एकीनं पेरू द्यायचं कबूल केलं. एकीनं शेंगा उकडून द्यायच्या. पोषण आहाराच्या मावशींनी मोड आलेली मटकी आणि हरभरे सांगितले. दारावरच्या माळा उतरल्या. पहिले दोन महिने बाईचा गल्ला कमी झाला, हे खरं. तेव्हा स्वातंत्र्यदिनाच्या शेंगांचे पैसे शाळेनं तिला आगाऊ दिले. आता मधल्या सुट्टीत मटकीचा डबा रिकामा होतो. पुडे एस.टी.च्या थांब्यावर अजून मिळतात. तो थांबा ५० मीटरच्या बाहेर आहे.

एक काम राहिलं. तिशीच्या पुढच्या सर्वांची साखर आणि रक्तदाब सरकारी केंद्रात फुकट तपासतात. त्याआधी आशाताई घरी येते, एक तक्ता भरते आणि टेपनं कंबर मोजते. आमच्या आळीत ती पहिल्यांदा आली, तेव्हा बायका लाजून माजघरात गेल्या आणि पुरुष 'मला काही झालं नाही' म्हणून ओट्यावरून उठले. शेवटी आम्हीच सदरा वर करून मधोमध उभे राहिलो. आशाताईनं मोठ्यानं वाचलं, "एकशे तीन!" सगळी आळी हसली. मग एकेक जण पुढे आला.